कंबरदुखीसाठी तळपायाची रिफ्लेक्सॉलॉजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी आहे, अडचणीचे आणि अपवादाचे प्रश्न पुढे आहेत. घाईत असाल तर निदान प्रश्न ५ वाचा आणि मगच कुठे जायचं ते ठरवा.

१. रिफ्लेक्सॉलॉजी म्हणजे नेमकं काय? पाय चेपून घेण्यापेक्षा त्यात वेगळं काय?

पाय चेपताना स्नायू मोकळे करणं एवढाच हेतू असतो. रिफ्लेक्सॉलॉजीत तळपायाचा एक नकाशा मानतात: अमुक जागा मानेची, अमुक पोटाची, अमुक कमरेची. त्या जागांवर अंगठ्याने ठरावीक पद्धतीने आणि ठरावीक क्रमाने दाब देतात. तेल जवळजवळ वापरत नाहीत, कारण अंगठा घसरला तर जागा सुटते. थोडी टाल्कम पावडर पुरते. कंबरदुखी असली तरी दाब फक्त पायावर दिला जातो, पाठीला हात लावत नाहीत. पाठीला कुणी हात लावलेला सहन होत नाही अशा माणसाला हे सोयीचं पडतं.

२. ही आपलीच जुनी विद्या आहे ना? आयुर्वेदात पादाभ्यंग आहेच की.

पादाभ्यंग आहे, पण ते वेगळं. त्यात तेल किंवा तूप लावून हाताने, काही ठिकाणी काशाच्या वाटीने तळपाय चोळतात. कमरेचा बिंदू, यकृताचा बिंदू असा नकाशा त्यात नसतो. ॲक्युप्रेशरही वेगळं. ते चिनी परंपरेतल्या वाहिन्यांवर उभं आहे आणि त्याचे बिंदू अंगभर असतात.

आज भिंतीवर टांगलेला जो रंगीत तळपायाचा तक्ता दिसतो, त्याचं मूळ अमेरिकेत आहे. विल्यम फिट्झगेराल्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी शरीराचे उभे दहा पट्टे कल्पून १९१७ मध्ये झोन थेरपी मांडली. पुढे १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या महिलेने त्या पट्ट्यांवरून तळपायाचा सविस्तर नकाशा तयार केला. ‘पाच हजार वर्षांची विद्या’ असं पत्रकावर छापलेलं दिसलं, तर हा इतिहास आठवा. नाशिकमध्ये एकाच पाटीवर तिन्ही नावं असतात आणि आत गेल्यावर तिन्हींचं मिश्रण मिळतं. त्यात वाईट काही नाही, फक्त आपण काय घेतोय ते विचारून घ्यावं.

३. कंबर खरंच बरी होते का? पुरावा काय आहे?

आजवरचा पुरावा कमकुवत आहे. जुनाट कंबरदुखीच्या २४३ रुग्णांवरचा ब्रिटनमधला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला रिफ्लेक्सॉलॉजी दिली, दुसऱ्याला शिथिलीकरण शिकवलं आणि तिसऱ्याचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. दुखणं तिन्ही गटांत कमी झालं आणि गटागटांत लक्षणीय फरक दिसला नाही. २००८ चा आणखी एक अभ्यास आहे. त्यात नकाशानुसार दाब दिलेल्यांना साध्या पायमालिशवाल्यांपेक्षा जास्त आराम पडला, पण सहभागी होते फक्त १५. एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

२००७ चा निकाल नीट समजून घ्यावा, कारण ‘मला तर गुण आला’ याचं बरंचसं उत्तर त्यात आहे. कंबरदुखी चढ-उताराने चालते. माणूस उपचाराला जातो तो दुखणं टिपेला असताना, आणि टिपेनंतर उतार बहुधा येतोच. त्या उताराच्या काळात जे काही केलं असेल त्याला श्रेय मिळतं. म्हणून रिफ्लेक्सॉलॉजी ही मुख्य उपचाराच्या जोडीला घ्यायची गोष्ट आहे. ती त्याच्या जागी घ्यायची नाही.

४. पुरावा नाही म्हणता, मग उठताना इतकं हलकं का वाटतं?

वाटणं खरंच असतं. पाऊण-एक तास आडवं पडणं, गुडघ्याखाली उशी, मोबाइल बाजूला, आश्वासक स्पर्श, संथ झालेला श्वास, यांनी ताण उतरतो आणि आखडलेले स्नायू ढिले होतात. ताणात असलेल्या मेंदूला दुखणं जास्त जाणवतं, तो निवला की तेच दुखणं कमी वाटतं. पोटऱ्या आणि तळव्याचे स्नायू मोकळे झाल्याने चालही थोडी सुधारते. तळव्याच्या कमानीपासून कमरेच्या मणक्यापर्यंत दाब ‘पोचवणारी’ खास वाट मात्र शरीरात सापडलेली नाही.

हा हलकेपणा काही तास, फार तर एक-दोन दिवस टिकतो. त्या वेळात काय करता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. वीस मिनिटं चाललात आणि फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम केलेत तर आराम सत्कारणी लागला. घरी येऊन सोफ्यावर पडलात तर दोन दिवसांनी परत तिथेच.

५. आधी डॉक्टरकडे कधी जायचं? कोणत्या वेळी सेशन घ्यायचंच नाही?

खालीलपैकी काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, रात्र असली तरी. सिव्हिलचा अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो.

- लघवी तुंबणे, लघवी किंवा संडास कळत नकळत होणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागेला बधिरपणा. मणक्याच्या खालच्या टोकाच्या नसांचा पुंजका दबल्याची ही खूण आहे. इथे काही तासांचा उशीरही कायमचा महागात पडतो.
- पायातली ताकद कमी होत जाणे, पाऊल उचलताना चवडा लोंबणे.
- पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं. हाडं ठिसूळ झालेल्या किंवा बरीच वर्षं स्टिरॉइड घेणाऱ्या माणसाला साध्या धक्क्यानेही मणका चेपतो.
- तापासोबत तीव्र कंबरदुखी.

काही गोष्टींसाठी धावपळ नको, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा: संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली कंबरदुखी. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून दिसतो. तो महिनोन्महिने ‘साधी कंबर’ म्हणून चोळला जातो.

कुशीतून जांघेकडे कळा येणं आणि लघवी लालसर होणं हे मुतखड्याचं लक्षण आहे, कमरेचं नाही.

६. कमरेचा बिंदू तळपायावर कुठे असतो?

बिंदू म्हणण्यापेक्षा पट्टी म्हणा. पूर्ण पाठीचा कणा पावलाच्या आतल्या कडेवर मानला आहे. अंगठ्याची आतली बाजू म्हणजे मानेचे ७ मणके, चवड्याची आतली कड म्हणजे पाठीचे १२, कमानीची कड म्हणजे कमरेचे ५ आणि टाचेच्या आतल्या कडेवर माकडहाड.

कमरेचा भाग शोधण्यासाठी आतल्या घोट्यावर बोट ठेवा आणि ते पुढे, किंचित खाली न्या. पावलाच्या कडेला हाडाचा एक उंचवटा लागेल. कमरेची पट्टी त्याच्या मागे-पुढे दोन-अडीच बोटं पसरलेली धरतात. दाब हाडावर द्यायचा नाही. हाडाच्या खालच्या कडेला मऊ भाग सुरू होतो, तिथे द्यायचा. सायटिकासाठी टाचेच्या मधोमध आडवी पट्टी आणि खुब्यासाठी बाहेरच्या घोट्याभोवतीची जागा घेतात. वेगवेगळ्या तक्त्यांत या जागा अर्ध्या-एक बोटाने सरकलेल्या दिसतात, तेव्हा मिलिमीटर मोजत बसू नका.

७. सेशनमध्ये काय काय होतं? किती वेळ लागतो?

पहिल्या वेळी पाऊण ते एक तास. त्यात दहा मिनिटं चौकशीत जायला हवीत: दुखणं कधीपासून, पायात उतरतं का, औषधं कोणती, शुगर, रक्तदाब, पूर्वीचं ऑपरेशन. ही चौकशी न करता कुणी थेट पाय हातात घेतला, तर प्रश्न २३ पाहा.

मग कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं पाय, कोरडे पुसणं, तळव्यांची तपासणी. आरामखुर्ची किंवा पलंगावर पाठ तीस-चाळीस अंशांत उचललेली आणि गुडघ्याखाली जाड उशी हवी. अगदी सपाट झोपवलं की कमरेची पोकळी ताणली जाते आणि उठताना कळ येते. कंबरदुखीच्या माणसाच्या बाबतीत हीच चूक सगळ्यात जास्त होते.

सुरुवातीला घोटे दोन्ही दिशांना फिरवणं, पाऊल हलकेच पिळणं, चवड्याखालच्या रेषेवर श्वासाबरोबर दाब. त्यानंतर मुख्य काम: अंगठ्याचं पहिलं पेर वाकवत आणि सरळ करत, सुरवंटासारखं दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकत पायाच्या अंगठ्यापासून टाचेपर्यंत यायचं. दोन्ही पावलांवर तीन-तीन फेऱ्या. कमरेच्या पट्टीवर आणखी दोन-तीन मिनिटं, मग खुबा आणि टाच. शेवटी संपूर्ण पावलावरून हलके हात.

उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मिनिटभर बसा, मग उभे राहा. तळव्याला तेल लागलं असेल तर पुसून घ्या, कारण फरशीवर पाय घसरून कंबर नव्याने लचकते. गुंगी वाटत असेल तर पंधरा मिनिटं थांबून मगच बाईकला किक मारा.

८. जितकं जोरात दाबतील तितका गुण जास्त, खरं का?

नाही. दुखण्याला शून्य ते दहा गुण दिले तर दाबाचं दुखणं तीन-चारच्या वर जाऊ नये. ‘गोड दुखतं’ म्हणतो तेवढंच. त्यापुढे माणूस दात-ओठ खातो, श्वास रोखतो, मांड्या आणि कंबर आवळतो. म्हणजे जे ढिलं करायला आलो तेच घट्ट होतं. दुसऱ्या दिवशी तळव्यावर निळे डाग दिसले तर दाब चुकला होता. ‘आत साठलेलं बाहेर पडतंय’ हे त्याचं स्पष्टीकरण स्वीकारू नका.

९. किती सेशन घ्यावी लागतात? कधी थांबायचं?

आठवड्यातून एक, अशी सहा ही नेहमीची पद्धत. पण तिसऱ्यानंतर थांबून हिशोब करा. ‘बरं वाटतं का’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात, म्हणून मोजता येतील अशा गोष्टी पहिल्याच दिवशी लिहून ठेवा: किती मिनिटं सलग बसता येतं, किती चालता येतं, रात्री किती वेळा जाग येते, आठवड्यात किती गोळ्या लागतात. तीन सेशननंतर यातलं काहीच हललं नसेल तर चौथं घेऊ नका. वीस सेशनचं पॅकेज आगाऊ भरायला सांगत असतील तर नम्रपणे नको म्हणा.

१०. डॉक्टरांच्या गोळ्या, फिजिओ, कमरेचा पट्टा हे बंद करून फक्त हेच केलं तर?

गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, विशेषतः रक्तदाब, शुगर, झटके आणि स्टिरॉइडच्या. नुसत्या वेदनाशामक गोळ्या गरज कमी झाल्यावर डॉक्टरांना विचारून कमी करता येतात.

फिजिओ तर अजिबात सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात रुग्णाला दुखणं समजावून सांगणं, व्यायाम, मसाज आणि वेदनाशामक गोळ्यांसारख्या उपायांचा समावेश आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ताण देणं हे नेहमीचा उपाय म्हणून वापरू नये, असंही त्यात म्हटलं आहे. तेव्हा पट्ट्याबद्दल डॉक्टरांना विचाराच. फ्रॅक्चर किंवा ऑपरेशननंतर दिलेला पट्टा मात्र सांगितले तितके दिवस वापरायचाच.

११. घरच्या घरी करता येईल का? कसं?

येतं, पण स्वतःचं पाऊल मांडीवर ओढून घेऊन नको. त्या बैठकीत कंबर पुढे गोल होते आणि बऱ्याच जणांचं दुखणं नेमकं तसं वाकल्यावरच वाढतं. घरातल्या कुणाला तरी करू द्या. तुम्ही प्रश्न ७ मध्ये सांगितल्यासारखं टेकून बसा, करणाऱ्याने समोर पाटावर न बसता स्टुलावर बसावं, नाहीतर उद्या त्याची कंबर धरते. प्रत्येक पावलाला दहा मिनिटं, एका जागी दोन-तीन सेकंद दाब, दिवसाआड. नखं कापलेली हवीत.

एकटे असाल तर खुर्चीत ताठ बसून टेनिसचा चेंडू कमानीच्या आतल्या कडेखाली तीन-चार मिनिटं फिरवा. किंवा हाताचा नकाशा वापरा. तळहाताच्या अंगठ्याकडच्या कडेवर कणा मानतात आणि कमरेचा भाग अंगठ्याच्या मुळापासून मनगटाकडे येतो. ऑफिसात किंवा पंचवटी एक्सप्रेसने अप-डाऊन करतानाही हे जमतं. गाडीत मात्र तासाभराने उठून डब्यात दोन फेऱ्या मारल्या तर त्याचा उपयोग जास्त होईल.

१२. लाकडी रोलर, काट्यांची ॲक्युप्रेशर चप्पल, जिमी (बिंदू दाबायची टोकदार काडी) वापरू का?

रोलर चालेल: बसून, पायमोजे घालून, पाच मिनिटं. काट्यांच्या चपलेत उभं राहून स्वयंपाक करणं नको. तळव्याला टोचतं म्हणून माणूस वजन बाहेरच्या कडेवर टाकतो आणि चाल बिघडून कंबरेवर ताण येतो. लाकडी जिमी, पेनाचं टोपण, चमच्याचं टोक यांनी दाबू नका. बोटाला खालच्या ऊतींचा अंदाज येतो, लाकडाला येत नाही. शुगर असणाऱ्यांनी यातलं काहीही वापरायचं नाही.

१३. ‘डिटॉक्स’च्या विजेच्या टबात पाय ठेवले की पाणी तपकिरी होतं, काशाच्या थाळीवर पाय काळे होतात. म्हणजे शरीरातलं विष निघतं ना?

नाही. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की टबातली धातूची पट्टी गंजते आणि पाणी तपकिरी होतं. पाय न घालता टब चालू करायला सांगा, पाणी तेव्हाही रंग बदलेल. काशाच्या थाळीत तांबं असतं. तेल-तूप आणि घामाशी घासून त्याचा काळा लेप होतो. रात्री तळव्यांना चिकटवायचे पॅच ओलाव्याने काळे पडतात.

तळव्यात दाबताना ‘करकर’ लागते तीही युरिक ॲसिडच्या खड्यांची नसते. तिथे स्नायूंचे तंतू, कंडरा आणि चरबीचे कप्पे असतात. थाळीवर पाय घासून बरं वाटत असेल तर खुशाल घासा, फक्त विष निघाल्याचे पैसे देऊ नका.

१४. आज सकाळीच उसण भरली आहे, हलताही येत नाही. लगेच सेशन घेऊ?

पहिल्या दोन दिवसांत जिना उतरून, रिक्षाचे धक्के खात जाण्यात तोटाच जास्त. प्रश्न ५ मधलं काही नाही याची खात्री करा. घरीच पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्याची पिशवी, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी, कुशीवर गुडघ्यांत उशी घेऊन विश्रांती. पण पूर्ण दिवस अंथरुणात नको, दर तासाला घरातल्या घरात दोन-चार मिनिटं चाला. घरच्या कुणी हलक्या हाताने पाय चेपले तर हरकत नाही. पायाळू माणसाची लाथ, पाठीवर उभं राहणं, कडकड मोडून घेणं हे सगळं टाळा. बहुतेक उसण काही दिवसांत ते सहा आठवड्यांत उतरते.

१५. गादी सरकली आहे, सायटिका आहे. रिफ्लेक्सॉलॉजीने गादी जागेवर येते का?

तळपाय दाबून मणक्यातली गादी हलत नाही. पण बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर स्वतःच हळूहळू आकसवतं आणि बहुतेकांची सायटिका सहा ते बारा आठवड्यांत बरीच उतरते. ‘दहा सेशनमध्ये गादी बसवली’ या दाव्यामागे तेच असतं.

एमआरआयचा रिपोर्ट वाचून घाबरू नका. काहीच दुखत नसलेल्या पन्नाशीच्या निम्म्याहून अधिक लोकांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली दिसते. रिपोर्ट आणि लक्षणं जुळतात का, ते डॉक्टर पाहतात.

सायटिकाच्या पायाला सेशन देताना पाऊल जोरात वर वळवून ताणू नये, पाय सरळ ठेवून उचलू नये. नस ताणली जाते आणि कळ थेट मांडीत जाते. गुडघा वाकलेलाच ठेवायचा.

१६. कमरेचा बिंदू दाबला की प्राण जातो. म्हणजे माझी कंबर नक्की बिघडली आहे?

असं अनुमान काढता येत नाही. त्याच जागी पावलाची कमान उचलून धरणारी कंडरा येते. पाऊल सपाट असेल, दिवसभर सातपूर-अंबडला सिमेंटच्या फरशीवर उभं राहून काम असेल, तर ती जागा कंबर ठणठणीत असतानाही दुखते. टाचेचंही तसंच: सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकत असेल तर तो तळव्याच्या पडद्याचा त्रास आहे, सायटिकाचा ‘बिंदू’ नव्हे.

उलट बाजू जास्त महत्त्वाची. पायाची संवेदना कमरेतून निघणाऱ्या नसांकडूनच येते. अंगठ्याचा वरचा भाग बधिर असेल तर कमरेची पाचवी नस दबलेली असू शकते. तळवा आणि करंगळीची कड बधिर असेल तर त्याखालची, त्रिकास्थीची (माकडहाडाच्या वरच्या हाडाची) पहिली. घरी पाहायचं असेल तर भिंतीला हात लावून दहा पावलं टाचांवर चाला, मग दहा चवड्यांवर. एखादा पाय साथ देत नसेल तर मेंदू-मणका किंवा अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. बधिर भाग ‘ब्लॉक उघडण्यासाठी’ जोराने दाबून घेणं ही यातली सगळ्यात घातक समजूत आहे.

१७. द्राक्षाच्या बागेत आणि कांदा लागवडीत कंबर जाते. हंगामात काय करावं?

दोन कामांचा ताण उलट दिशेचा आहे. छाटणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी मांडवाखाली होते. हात वर, मान मागे, कंबर आत. कांदा लावताना तासन्‌तास कमरेतून पुढे वाकणं. म्हणून उताराही वेगळा. बागेत असाल तर अर्ध्या-पाऊण तासाने बांधावर बसून गुडघे पोटाशी घ्या. कांद्यात असाल तर तेवढ्याच वेळाने उभं राहून, हात कमरेवर ठेवून पाच वेळा हलकेच मागे झुका. उंच मांडवासाठी छोटा घोडा (उभं राहायचं स्टूल) वापरला तर मान आणि कंबर दोन्ही वाचतात.

संध्याकाळी पाय धुऊन दहा-दहा मिनिटं प्रश्न ११ प्रमाणे दाबून घ्यायला हरकत नाही. आधी तळव्याला काटा, चीर, फवारणीचा चट्टा नाही ना ते पाहा. असेल तर ती जागा सोडा.

१८. आईला १५ वर्षं शुगर आहे, पायाला मुंग्या येतात. तिची कंबर दुखते, चालेल का?

आधी डॉक्टरांकडून पायांची तपासणी. दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा टेकवून संवेदना पाहतात, पावलावरची नाडी तपासतात. संवेदना कमी असेल तर किती दाब झाला हे त्यांना कळणारच नाही. त्यातून जखम झाली तर ती चिघळते. अशा वेळी तळपायाची रिफ्लेक्सॉलॉजी नको. प्रश्न ११ मधला हाताचा प्रकार करा. शेक आणि गरम पाण्याचा टबही बधिर पायांना नको, पोळल्याचं समजत नाही.

१९. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे चालू असेल तर थेरपिस्टला आधी सांगा. अगदी हलका दाब, हत्यार नाही. डाग पडले तर बंद.

२०. सातवा महिना आहे, कंबर फार दुखते. घेऊ शकते का?

तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी हो म्हटलं तर, हलक्या हाताने. पहिल्या तीन महिन्यांत थेरपिस्ट सहसा टाळतात. सातव्यात पाठीवर सपाट झोपायचं नाही, टेकून किंवा डाव्या कुशीवर. कंबर ठरावीक अंतराने आवळून सुटत असेल, पाणी किंवा रक्त जात असेल, किंवा सुजेसोबत डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर सेशन विसरा आणि थेट दवाखान्यात जा.

२१. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी केली. पाय सुजलेत, कंबरही धरली. दुसऱ्या दिवशी पाय दाबून घेऊ?

दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर पाय उशीवर उंच ठेवा, पाणी प्या, दोन दिवस जाऊ द्या. अनवाणी गेला असाल तर फोड पूर्ण सुकेपर्यंत कुणाला दाबू देऊ नका.

एकच पोटरी सुजली, गरम लागते, दाबल्यावर दुखते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. लांबच्या बसप्रवासानंतरही हे होतं. अशी पोटरी चोळायची नाही, गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉप्लर तपासणी (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) करून घ्या. अंगठ्याचा सांधा अचानक लाल होऊन चादरही सहन होत नसेल तर तो गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारा सांध्याचा आजार) असू शकतो, तिथेही दाब नको.

२२. सेशननंतर दुखणं वाढलं. ‘हीलिंग क्रायसिस’ म्हणतात, घाबरू नका. खरं का?

तळवे हुळहुळणं, झोप येणं, थकवा, हे एक दिवस चालतं. कंबरदुखी वाढली तर बहुधा कारण साधं असतं: सपाट झोपवलं, दाब जास्त झाला, झटक्यात उठलात. पुढच्या वेळी हे बदला. दोन दिवसांनंतरही वाढलेलं असेल किंवा पायात नवी मुंगी, बधिरपणा आला तर सेशन बंद करून तपासून घ्या. ‘क्रायसिस’ या नावाखाली आठवडाभर वाट पाहू नका.

२३. नाशिकमध्ये चांगला थेरपिस्ट कसा ओळखायचा?

प्रमाणपत्राच्या चौकटीवरून नाही. भारतात रिफ्लेक्सॉलॉजी ही मान्यताप्राप्त वैद्यकीय शाखा नाही. काही दिवसांच्या वर्गाचंही प्रमाणपत्र मिळतं. म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची फिजिओथेरपीची पदवी वेगळी आणि हे वेगळं.

कॉलेज रोडला एसी खोली असो की सिडकोत घरातलीच एक खोली, पाहायच्या गोष्टी त्याच. आधी चौकशी करतो का? तळवे बघतो का? हात धुतो, प्रत्येकाला वेगळा टॉवेल वापरतो का? ‘हे मला जमणारं नाही, डॉक्टरांना दाखवा’ असं म्हणतो का? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. तळवा दाबून किडनी, थायरॉइड, गर्भाशय असं निदान सांगणारा, एमआरआय करू नका म्हणणारा, गोळ्या थांबवायला लावणारा, यांच्याकडे दुसऱ्यांदा जायचं नाही.

२४. मेडिक्लेममध्ये बसतं का?

साधारणपणे नाही. पावती घ्या, पण पैसे परत मिळतील असं धरून चालू नका.

२५. माझं वय २६. पहाटे कंबर आखडते, तासभराने, चालल्यावर मोकळी होते. सेशनने दोन दिवस बरं वाटतं, परत तेच. वर्षभर चालू आहे.

हे साध्या कंबरदुखीच्या उलट आहे. साधी कंबर कामाने दुखते आणि विश्रांतीने बरी वाटते. तुमची विश्रांतीने आखडते आणि हालचालीने सुटते. चाळिशीच्या आत सुरू झालेलं, तीन महिन्यांहून जास्त चाललेलं, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडणारं दुखणं असेल तर अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हा सूज आणणारा संधिविकार तपासायलाच हवा. पहाटेच्या आधी दुखण्याने जाग येणं, एकदा या बाजूचा आणि एकदा त्या बाजूचा पार्श्वभाग दुखणं, डोळा लाल होऊन दुखणं, टाचेच्या मागे सूज, घरात कुणाला असाच त्रास, यातलं काही असेल तर शंका आणखी बळावते.

संधिवाततज्ज्ञांकडे जा. ते सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी), एचएलए-बी२७ (जनुकाशी संबंधित रक्ततपासणी) आणि त्रिकास्थी व कटीच्या हाडांमधल्या सांध्यांचा एमआरआय सांगतील. साधा एक्स-रे सुरुवातीची काही वर्षं स्वच्छ येऊ शकतो, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ यावर थांबू नका. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलं म्हणजे आजार आहेच असं नाही आणि निगेटिव्ह आलं म्हणजे नाहीच असंही नाही. वेळेत औषधं आणि रोजचा व्यायाम सुरू झाला तर कणा लवचिक राहतो. उशीर झाला तर मणके एकमेकांना जुळत जातात आणि ते परत सुटत नाहीत. सेशन चालू ठेवायचं तर ठेवा, पण तज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या.